'जरा थांबा' म्हणणाऱ्या शैलजाताई

शिफ्ट संपवून इथल्या, आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी नुकतीच गाडीत बसले होते. फोन वाजला. विनूचा होता, म्हणजे शैलजाताईंच्या धाकट्या भावाचा. "ताई गेली," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "मी होतो गं. हात हातात होता." आणि पन्नाशी ओलांडलेला, निम्मं आयुष्य अमेरिकेत काढलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. त्याला काही आठवडे झाले. पण त्याचं ते 'मी होतो' माझ्या डोक्यातून जात नाही. हे दोन शब्द त्याला म्हणता येतील की नाही, अशी एक वेळ येऊन गेली होती, आणि ती मी फार जवळून पाहिली आहे.

शैलजाताई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मूळच्या सांगलीच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चाळिशीनंतर, जेव्हा बाकीच्या बायका स्थिरस्थावर होतात, तेव्हा त्या एकट्या आयर्लंडला आल्या, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरीला. मी फिजिओथेरपिस्ट. आमची ओळख आमच्या स्वोर्ड्स गावातल्या एका हॉलमध्ये, गणपतीत झाली. तरुण मंडळी जोशात आरती म्हणत होती, टाळ्यांची गती वाढत चालली होती, आणि मागून एक खणखणीत आवाज आला, "अरे सावकाश! विमान सुटतंय का कुणाचं?" सगळे हसले, आणि पुढची आरती खरोखरच सावकाश झाली. प्रसाद घेताना कळलं की त्या आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्या दिवसापासून आमचं येणं-जाणं सुरू झालं ते थांबलं नाही.

राजकारणात आमचं कधीच जुळलं नाही. मी सरळसरळ दुसऱ्या बाजूची. त्यांना लोक उजव्या म्हणत. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "मी उजवी-डावी काही नाही. मी मुळात सावकाश आहे. घरात भिंत पाडायची असेल तर ती कुणी, कशासाठी बांधली होती ते आधी विचारा, एवढंच माझं म्हणणं." कुटुंब, देवधर्म, शेजारपाजार, सरकारनं आपल्या पायरीवर थांबावं... हे त्यांचे विषय. ओहायोत राहणारा विनू यात त्यांच्याही पुढचा. ही दोघं फोनवर तासन्‌तास अमेरिकेच्या राजकारणावर बोलत. एकदा तोच म्हणाला, "ताई, हे तू फक्त मला का ऐकवतेस? सगळ्यांना ऐकव." त्यानेच मायक्रोफोन पाठवला, इंटरनेटवर चॅनेल उघडून दिलं, आणि दर रविवारी 'जरा थांबा' नावाचा मराठी कार्यक्रम सुरू झाला. ऐकणारे मुख्यतः अमेरिकेतले मराठी लोक, थोडे पुण्या-सांगलीकडचे. आयर्लंडमध्ये बसून अमेरिकेबद्दल काय बोलता, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "शेजारी भांडण चालू असलं की आवाज आपल्याच घरात येतो ना?"

मग साथ आली. शाळा, दुकानं, चर्च, सगळं बंद. घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायची मनाई. विमानतळ हाकेच्या अंतरावर असूनही आकाश गप्प. 'जरा थांबा' ऐकणारे त्या दिवसांत भराभर वाढले, कारण शैलजाताई या निर्बंधांवर कडाडून बोलत होत्या. पण त्यांचं बोलणं हवेतलं नव्हतं. त्यामागे नोरा होती, त्यांची आयरिश शेजारीण. नोराचा नवरा पॅट जवळच्याच एका वृद्धाश्रमात होता. आत जायची कुणालाच परवानगी नव्हती. नोरा एकटी जाऊन खिडकीबाहेर उभी राहायची आणि परत येताना तिला घर सापडेना इतकी ती भांबावायची. म्हणून शैलजाताई तिच्याबरोबर चालत जायला लागल्या, मध्ये नियमाचं अंतर ठेवून. पॅट आतून काचेला हात लावायचा, नोरा बाहेरून. त्याला समजायचं नाही की ही आत का येत नाही. "ही माझ्यावर रागावली आहे का?" असं तो तिथल्या नर्सला विचारायचा. पॅट त्याच काचेआड गेला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना मुभा होती, म्हणून अख्खी गल्ली रस्त्याच्या कडेला अंतराअंतराने उभी राहिली, आणि शवपेटीची गाडी समोरून गेली तेव्हा त्या आयरिश माणसांमध्ये रेनकोट घातलेल्या शैलजाताई हात जोडून उभ्या होत्या. त्या रविवारी त्या म्हणाल्या, "जगवण्यासाठी माणसाला एकटं ठेवता, समजलं. पण जो मरणारच आहे, त्याचा हात तरी धरू द्या. हे मागणं फार आहे का?"

गंमत अशी की स्वतः त्यांनी एकही नियम मोडला नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी 'मी मास्क लावणं सोडलं' असं कौतुकानं लिहिलं, तर त्याला फटकारायच्या. "नियम चुकला आहे असं ओरडून सांगा. सांगत राहा. पण तो असेपर्यंत पाळा. नाहीतर तुमच्यात आणि सिग्नल तोडणाऱ्यात फरक काय?"

एकदा मात्र माझा त्यांच्यावर खरा राग निघाला. मी तेव्हा अतिदक्षता विभागात काम करत होते. पालथं झोपवलेल्या रुग्णांची छाती मोकळी करायची, बरे झालेल्यांना पुन्हा बसायला, उभं राहायला शिकवायचं. आणि कार्यक्रमात या म्हणाल्या की हॉस्पिटलवरचा ताण फुगवून सांगतात. मी शिफ्टवरून आले आणि तडक फोन लावला. काय काय बोलले आठवत नाही. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आज काय काय पाहिलंस ते क्रमाने सांग." मी सांगितलं. पुढच्या रविवारी कार्यक्रमाचं पहिलंच वाक्य होतं, "मागच्या खेपेस मी हॉस्पिटलांबद्दल बोलले ते चूक होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलले." बस्स. त्यानंतर दुसऱ्या वाक्यापासून पुन्हा शाळा बंद ठेवण्यावर टीका सुरू! माफी मागताना आवाज खाली आणणं वगैरे प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. मी चिडून ऐकायला बसले होते, आणि हसायलाच लागले.

नोव्हेंबरात अमेरिकेची निवडणूक झाली. शैलजाताईंचा आणि विनूचा माणूस हरला, पण त्यानं हार मानली नाही. मतं चोरली, असा गदारोळ उठला. शैलजाताईंनी निवडणुकीआधीपासून टपालाच्या मतांबद्दल शंका बोलून दाखवल्या होत्या. आता ऐकणारे कितीतरी पट झाले. विनू रोज व्हिडिओ पाठवायचा, हे बघ, ते बघ. शैलजाताई बघायच्या. पण बघून झाल्यावर त्या दुसरं काहीतरी वाचायच्या, ते म्हणजे कोर्टांचे निकाल. कामावरून यायच्या, स्वयंपाक करायच्या आणि टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक निकाल अगदी तळटिपांसकट वाचायच्या. कारखान्यात औषधाची कागदपत्रं तपासायची सवय होती ना त्यांना.

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही खाडीकाठी चालत होतो. वारा असा की बोलायला ओरडावं लागत होतं. त्या एकदम थांबल्या.

"उद्या बोलणार आहे."

"काय?"

"हरला म्हणून."

"विनूला सांगितलंत?"

"सांगितलं तर तो मला बोलू देणार नाही."

"दुखावेल तो."

"हो," त्या म्हणाल्या. "दुखावेल... पण मला दुसरं काही सापडलेलं नाही गं. सापडलं असतं तर पहिला फोन त्यालाच केला असता."

तो कार्यक्रम मी चालू असतानाच थेट ऐकला. त्या म्हणाल्या, "माझ्या कामात शंका आली की माल थांबवतात. ऑर्डर कितीही मोठी असो, थांबवायचा. मग तपासायचा. खोट निघाली तर फेकायचा. नाही निघाली तर सोडायचा. आपल्याला शंका आवडायला लागली म्हणून माल अडवून ठेवता येत नाही. मी शंका घेतली, त्याची मला लाज नाही. कोर्टांनी तपासलं. त्यातले काही न्यायाधीश तर याच अध्यक्षांनी नेमलेले. राज्यांनी पुन्हा मोजलं. निकाल फिरेल अशी खोट कुठे निघाली नाही. माझा माणूस हरला. मला वाईट वाटलं. पण हरला."

त्यानंतर जे झालं ते वाचवत नव्हतं. 'विकली गेली', 'आतून तिकडचीच होती', आणि याहून घाण. ज्यांनी आठवड्यापूर्वी त्यांना आई म्हटलं होतं ते आता लिहू नये ते लिहीत होते. ऐकणारे गळाले ते गळालेच. हे सगळं त्यांनी झेललं. कुणालाही उलट उत्तर दिलं नाही, आणि एकही शिवी पुसून टाकली नाही. पण विनूचा फोन आला तेव्हा मात्र त्या खचल्या. तो फक्त एवढंच म्हणाला होता, "ताई, तूसुद्धा?" आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने फोन करणं बंद केलं. यांनी केला तर उचलेना. जानेवारीत तिथल्या संसदेत जमाव घुसला, त्या दिवशी मी टीव्ही लावून बसले होते आणि मला वाटलं, आता या 'बघा, मी सांगत होते' म्हणणार. त्यांचा पत्ताच नव्हता. त्या ओहायोला फोन लावत बसल्या होत्या. शेवटी विनूच्या बायकोने उचलला. "तो घरातच आहे," ती म्हणाली. "बरं," म्हणून यांनी फोन ठेवला आणि मला कळवलं, "विन्या घरात आहे." त्या रविवारी कार्यक्रम झालाच नाही.

मे महिन्यात सांगलीला त्यांची आई आजारी पडली. तिकडे दुसरी लाट भरात होती. यांना जाता येईना, विनूलाही येईना. मामेभावानं हॉस्पिटलमध्ये खाट मिळवली, पण आत कुणाला सोडत नव्हते. आई गेली. सकाळी शैलजाताईंचा मला फोन आला, "येतेस का? बागेत बस. अंत्यविधी फोनवर दाखवणार आहेत." तेव्हा इथे दुसऱ्याच्या बागेत भेटायला नुकती परवानगी मिळाली होती, घरात अजून नाही. मी गेले. त्या स्वयंपाकघरात, मागचं दार उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसल्या होत्या. समोर फोन. मी म्हटलं, "मी आत येते." त्यांनी हातानंच थांबवलं. "नको. बाहेरच." मी खुर्ची ओढून दाराबाहेर बसले.

फोनवर दोन चौकोन होते. एकात स्मशान, एकात विनू. त्याच्याकडे जेमतेम उजाडत होतं. पांढऱ्या पोशाखातली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आईला उचलून नेत होती. चेहरा दिसलाच नाही. सगळं फार पटकन झालं. शैलजाताई मध्येच पुटपुटल्या, "अरे सावकाश..." आणि लगेच म्हणाल्या, "नाही, नाही. त्या पोरांना आज अजून किती करायचे असतील." मामेभावानं कॅमेरा बंद केला. आता पडद्यावर फक्त विनू उरला. पाच महिन्यांनी ही दोघं एकमेकांना बघत होती. कुणी फोन ठेवेना...

शेवटी शैलजाताई म्हणाल्या, "चहा घेतलास का?"

"नाही."

"घे. रिकाम्या पोटी राहिलास की पित्त उठतं तुझं."

तो मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "ताई, तू एकटी आहेस का तिथे?"

"नाही. मेघना आली आहे. बाहेर बसली आहे."

"बाहेर का?"

"नियम आहे."

वर्षभर सगळ्या नियमांना शिव्या घालणारा विनू ते ऐकून हसायला लागला, आणि हसता हसताच त्याचा बांध फुटला. "काय गं तू... आई गेली ताई... आज तरी..." तेव्हा शैलजाताईंनी फोनवरची नजर न काढता हात दाराबाहेर केला. मी तो धरला. गार पडला होता. त्या मला हळूच म्हणाल्या, "मोडला बरं का आपण." मी म्हटलं, "मोडू दे." चहा गार होईपर्यंत... नाही, चहा कुणी केलाच नव्हता. पण बराच वेळ आम्ही तशाच बसलो, उंबऱ्याच्या दोन बाजूंना, आणि विनू पडद्यावर.

त्या रविवारी कार्यक्रम थोडाच वेळ चालला. आईबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. ज्या अनोळखी माणसांनी तिला उचललं त्यांचे आभार मानले. म्हणाल्या, "वर्षभर मी सांगत होते, मरणाऱ्याचा हात धरू द्या. आजही तेच सांगते. तेव्हा शेजाऱ्यासाठी सांगत होते. आज कशासाठी सांगते ते तुम्हाला कळतं."

विनूचं आणि त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मत मात्र कुणाचंच बदललं नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांचा तोच माणूस जिंकला, तेव्हा विनूचा आनंदानं ओरडत फोन आला, मी तिथेच होते. "ताई, पेढे वाट! आणि आता तरी मान्य कर, मागच्या वेळीसुद्धा..." शैलजाताई म्हणाल्या, "विन्या, तेव्हा हरला, आता जिंकला. दोन्ही वेळा मोजलं. तू पित्ताची गोळी घे." पलीकडून तो इतका हसला की मला ऐकू आलं. कार्यक्रम शेवटपर्यंत चालू होता. ऐकणारे मूठभर राहिले होते, त्यात मी एक. त्यांच्या निम्म्या मतांशी मी आजही सहमत नाही. पण एखाद्या गोष्टीवर माझं मत बनतं तेव्हा ते मला हवं तसं आहे म्हणून बनलंय की खरं आहे म्हणून, हा प्रश्न मला आता टाळता येत नाही. हे त्यांनी मला दिलं, आणि यात सुख नाही.

आजार गेल्या वर्षी निघाला, स्वादुपिंडाचा. निघाला तेव्हाच फार पुढे गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि घरी येऊन सांडगी मिरची तळली, कारण तेच खावंसं वाटत होतं. अखेरच्या दिवसांत त्यांना शुश्रूषागृहात हलवलं. विनू आला. येतायेताच त्यानं दारातल्या नर्सला विचारलं, "खोलीत एका वेळी किती माणसं चालतात?" तिला प्रश्नच कळेना. "हवी तेवढी," ती म्हणाली. "बसा ना. यू आर ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, काही काळजी नको. विनू आत गेला. नोरा आधीच येऊन बसली होती, जपमाळ घेऊन. मी श्वासाला जरा आराम पडावा म्हणून पाठीमागच्या उशा लावत होते. शैलजाताईंनी डोळे उघडून आम्हाला तिघांना पाहिलं आणि म्हणाल्या, "गर्दी झाली." पण जा म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्याशी बोललेली ती शेवटची दुपार. विनू त्यानंतर त्या खोलीतून हललाच नाही. नोराच त्याला डबा नेऊन द्यायची.

परवा तो ओहायोला परतला. जायच्या आदल्या दिवशी मी घर आवरायला मदत करायला गेले होते. कपडे, भांडी सगळी खोक्यांत गेली होती. तो वर जाऊन हॉट प्रेस उघडत होता. हे इथल्या घरांतलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे सगळे त्यात टॉवेल वाळवतात, शैलजाताई त्यात दही लावायच्या, कारण या थंडीत दुसरीकडे कुठे ते लागत नाही. विनूनं आतून झाकलेला वाडगा काढला. "तिच्या फ्रीजमध्ये वाटीभर उरलं होतं," तो म्हणाला. "ती गेल्यापासून त्याचंच रोज लावतोय. मला विमानात नेऊ देणार नाहीत. तू नेशील?" मी म्हटलं, "नेते." त्यानं वाडगा माझ्या हातात दिला, आणि झाकण सरकू नये म्हणून वरून एक रबर लावलं, मग आणखी एक. गाडीत मी तो शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि घरापर्यंत फार सावकाश गाडी चालवली.

त्याच विरजणाचं दही आज सकाळी आमच्या हॉट प्रेसमध्ये लागलं. घट्ट आहे, थोडं आंबट.